दरडीच्या अलीकडे

चंद्रभाननं भैयाजींना पहिल्या नजरेत ओळखलं. भैयाजींनी त्याला ओळखलं नाही, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

सत्त्याहत्तर सालचा भादवा होता. टॅक्सीच्या मालकानं त्याला एवढंच सांगितलं होतं की नागपूरच्या तांडापेठेतली एक वजनदार सवारी आहे, थेट कोकणात मालवणला न्यायची आहे, तिथं त्यांच्या मुलाच्या घरी नातवाचं बारसं आहे. चंद्रभाननं दारासमोर अँबेसेडर उभी केली, भोंगा वाजवला, आणि आतून काळी टोपी, पांढरं धोतर आणि दुखरा गुडघा सांभाळत भैयाजी बाहेर आले. केस पिकले होते, पण चालण्यातली मिजास तीच.

"डायव्हर, ट्रंक नीट ठेव गा. नातवाचं सामान आहे त्याच्यात," ते म्हणाले.

चंद्रभाननं ट्रंक नीट ठेवली. त्याच्या तोंडाकडे भैयाजींनी पाहिलंही नाही. असल्या माणसांना समोरच्याचे हात काम करताना तेवढे दिसतात.

तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत भैयाजी पंच होते. चंद्रभानचा बाप नत्थूजी त्याच गल्लीत मागावर लुगडी विणायचा. त्याचा एक जिवाभावाचा दोस्त वारला. दोस्त दुसऱ्या जातीचा, पंचांच्या लेखी खालचा. नत्थूजीनं त्याच्या तिरडीला खांदा दिला, झालं. पंच बसले आणि भैयाजींनी निकाल सांगितला, नत्थूजीच्या घरचं पाणी बंद. पाणी बंद म्हणजे त्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही, त्या घराला कुणी पाजायचं नाही, आणि त्यातल्या कुणी हाक मारली तर गल्लीनं ओ द्यायची नाही. कायद्यानं असलं काही करता येत नाही म्हणतात. कायदा तांडापेठेत कधी येऊन बसला होता?

एकवेळ पाण्यावाचून भागलं असतं, हातांवाचून भागेना. लुगडं विणण्याआधी सुताचा ताणा गल्लीभर लांब पसरतात, त्याला खळ लावतात, आणि खळ वाळायच्या आत दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून कुंच्यानं सूत मोकळं करतात. एका घराचं ते कामच नाही. आज तुझ्या ताण्याला मी, उद्या माझ्या ताण्याला तू, असं गल्लीचं चालतं. निकालानंतर एके सकाळी नत्थूजीनं ताणा पसरला, एक टोक पोरानं धरलं, दुसरं बायकोनं, पंचफुलानं. मग तो एकेका दाराशी जाऊन नावानं हाका मारू लागला. दारं लागली ती लागलीच. ऊन चढलं, खळ वाळली आणि सूत सुताला चिकटून ताण्याची लाकडासारखी फळी झाली. समोरच्या ओट्यावर भैयाजी बसले होते. सुपारी कातरत होते.

माग विकून नत्थूजी खापरखेड्याला कोळसा वाहायला गेला आणि तिथंच खोकून खोकून मेला. पंचफुला त्याच्यामागे फार दिवस राहिली नाही. टोक धरून उभा राहिलेला तो पोरगा म्हणजे चंद्रभान. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. या माणसाच्या पोटात पीळच पीळ होता.

पुणं मागे पडलं. घाट उतरताना एका वळणावर त्याच्या मनात आलं, नुसतं चाक वळवायचा अवकाश. पण सोबत आपणही जाणार, आणि या म्हाताऱ्यासाठी मरणं म्हणजे त्याला फुकटचा मान देणं. त्यानं मुकाट्यानं गाडी खाली उतरवली.

भैयाजींनी हट्टानं समुद्राकाठचा रस्ता धरायला लावला होता. "साठी उलटली गा माही, समुंदर नाही पाह्यला." चंद्रभाननं तरी कुठं पाहिला होता? त्याची धाव रामटेक, शेगाव, फार तर पुण्यापर्यंत. उजव्या हाताला खाली समुद्र पसरला होता, डावीकडे तांबड्या मातीचे ओले डोंगर, मधून काळ्या फितीसारखा रस्ता. सुरूच्या झाडांतून वारा यायचा. गाडीत दुसरं कुणी असतं तर चंद्रभाननं गाणं म्हटलं असतं. मागच्या सीटवर तो बसलाय आणि ही शोभा त्यालाही फुकट दिसतेय, याचाच त्याला राग येत होता.

पावसानं जागोजागी दरडी कोसळल्या होत्या. पहिल्या दरडीपाशी अर्धा रस्ता मोकळा होता. चाकं चिखलात रुतवत, मजुरांच्या हाताच्या इशाऱ्यावर ते पार झाले. पुढच्या वळणावर मात्र डोंगरच खाली आला होता. आंब्याची झाडं मुळांसकट रस्त्यावर आडवी, आणि पलीकडची कड तुटून थेट समुद्रात गेलेली.

"दोन दिवस तरी नाव काढू नका," मुकादम म्हणाला. "चालत जायचं तर खालून जा. डोंगराच्या नाकाला वळसा घालून पुळणीवरून, वाळूतून. पलीकडच्या गावातून एसटी आहे. सकाळी बरेच गेले." एवढं सांगून तो मजुरांना घेऊन जेवायला निघून गेला.

बारसं परवावर आलं होतं. भैयाजी कासावीस झाले. चंद्रभान खाली पाहत होता. पाणी पार मागे हटलं होतं, ओल्या वाळूचं मैदान पडलं होतं आणि त्यात दूरवर एक काळा सपाट खडक. त्या खडकाकडे पाहता पाहता त्याच्या डोक्यात सगळं जुळलं.

"भैयाजी, तुमी खाली चाला. त्या खडकावर तुमाले बसवतो. मी पलीकडून बैलगाडी घेऊन येतो. तुमच्या गुडघ्यानं एवढं चालनं नाही होनार."

"शाहना आहेस," भैयाजी म्हणाले.

ट्रंक डोक्यावर घेऊन, म्हाताऱ्याचा हात धरून त्यानं त्याला वाळूतून खडकापर्यंत नेलं, वर चढवलं. मग नाकाला वळसा घालून दिसेनासा झाला आणि झाडीतून वर चढून गाडीपाशी परत आला. दिवस मावळेपर्यंत बसू दे तिथं. उन्हात, पाण्याच्या घोटाशिवाय. हाका मारू दे. हाका मारून कुणी येत नाही म्हणजे काय होतं ते एकदा त्या अंगाला लागू दे. संध्याकाळी आणू उचलून.

यापेक्षा जास्त त्याच्या मनात नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. नागपूरच्या माणसाला पाणी ठाऊक ते कन्हान नदीचं. पूर येतो, ओसरतो, आणि एकदा ओसरला की लोक वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावून मोकळे होतात. ओसरलेलं पाणी त्याच दिवशी परत फिरतं, हे त्याला बापजन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्याच अंतरावर, मागच्या गावात, एका म्हातारीची खानावळ होती. तो पोटभर जेवला. किती वर्षांनी अन्नाला चव लागली. वर चहा मागितला.

"शेठ कुठं तुमचे?" म्हातारीनं कप ठेवत विचारलं. सकाळी गाडी जाताना तिनं पाहिली होती.

"खाली खडकावर बसले आहेत. समुंदर पाहून राहिले."

"कुठल्या खडकावर? त्या सपाट? अहो, भरती लागली. घटकाभरात तो खडक दिसायचा नाही."

"पानी त उतरलं ना."

"उतरलं ते चढणारच," म्हातारी वेड्याकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहत म्हणाली. "रोज दोनदा चढतं."

चंद्रभान उठला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानं कप उचलला आणि चहा पिऊ लागला. मी काही केलं नाही, समुद्र करतोय. पंचांनी तरी कुठं काही केलं होतं? त्यांनी दारं लावून घेतली होती, बस. गरम चहा घोटाघोटानं खाली जात होता आणि त्याला आतून इतकं बरं वाटत होतं की त्याचीच त्याला भीती वाटावी. कप रिकामा झाला तेव्हा एक गोष्ट लख्खकन डोक्यात आली. तो मेला तर त्याला कळणारच नाही. आपण कुठल्या पापानं मेलो हे कळल्याशिवाय तो मरेल, आणि मालवणला लोक म्हणतील, बिचारे, समुद्र बघायला गेले होते.

तो धावत सुटला.

खडक बुडाला होता. गुडघाभर पाण्यात भैयाजी उभे होते, डोक्यावर ट्रंक, टोपी गेलेली. मधल्या पाण्यात चंद्रभान छातीपर्यंत शिरला आणि हात पोचणार नाही एवढं अंतर राखून थांबला.

"डायव्हर, ये ना गा. हाका मारून मारून घसा बसला माहा."

"मी नत्थूजीचा पोरगा आहो."

"हो बाप्पा, हात दे."

"नत्थूजी पौनीकर. तुमी आमच्या घरचं पानी बंद केलं होतं. ताणा वाळून गेला, तुमी ओट्यावर बसून सुपारी कातरून राहिले होते."

भैयाजी त्याच्याकडे पाहत राहिले. नाटक नव्हतं ते. म्हातारा खरोखर आठवत होता, जीव मुठीत धरून आठवत होता, आणि त्याला सापडत नव्हतं. "कोनता गा नत्थूजी?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पंच होतो ना मी. असे लय झाले. कोनता म्हनू?"

ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो. पण या माणसाला धूरही दिसला नव्हता. चंद्रभानला वाटलं, याला इथंच दाबावं. तेवढ्यात मोठी लाट आली, भैयाजींचा पाय घसरला, आणि चंद्रभाननं पुढे झेपावून त्यांचं धोतर धरलं. ट्रंक वाहून गेली. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन तो नाकातोंडात खारं पाणी जात असताना किनाऱ्याला लागला. असा जाऊ देणार नाही मी तुला, तो मनात म्हणत होता. नाव न आठवता नाही जाऊ देणार.

दोन दिवस ते म्हातारीच्या खानावळीत अडकले. चंद्रभान त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. भैयाजींना त्याचंही कौतुक. पाण्यातलं बोलणं भीतीनं त्यांच्या डोक्यातून धुऊन निघालं होतं, की त्यांनीच ते सोयीनं धुतलं होतं, देव जाणे. येईल त्या माणसाला ते सांगत, "या मानसानं मले मरनाच्या दाढेतून काढलं. बोलत नाही, करून दाखवते."

बारशाच्या दिवशी सकाळी दरड एका गाडीपुरती मोकळी झाली. दुपारी ते मालवणला पोचले. भैयाजींचा मुलगा रवींद्र बंदरावर ओव्हरसियर होता. त्याच्या क्वार्टरपुढे मांडव होता. उमरेडहून व्याही चंपतराव आपल्या माणसांसह आधीच आले होते, सगळे विणकरच. भैयाजींनी चपला काढायच्या आत गोष्ट सांगायला सुरुवात केली. खडक, लाटा, डायव्हर. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. व्याह्यांच्या माणसांना पाण्याचे पेले दिले जात होते. सुनेच्या बाळंतपणासाठी आधीच आलेली भैयाजींची बायको जिजाबाई मात्र स्वतः तांब्या घेऊन पायरीवर आली आणि चंद्रभानपुढे धरला.

"घे बाप्पा. आजपासून तू या घरचा."

"पानी नको माय," चंद्रभान म्हणाला. तो दोन दिवसांनी बोलत होता. "तुमच्या घरचं पानी आमच्या घरी बंद आहे."

शहरातल्या लोकांना हे वाक्य कळलं नसतं. उमरेडच्या माणसांना बरोबर कळलं.

"कोनाच्या घरी?" चंपतरावांनी विचारलं.

"तांडापेठेच्या नत्थूजी पौनीकराच्या."

जिजाबाईच्या हातातला तांब्या कलला. "पंचफुलाचा पोरगा का गा तू? ताण्याचं टोक धरून उभा होता तो?"

"तोच."

"कोन नत्थूजी वं?" भैयाजी हसत म्हणाले. व्याह्यांपुढे त्यांना हसणं भाग होतं. "काय लावलं हे?"

जिजाबाई त्यांच्याकडे वळली. "तुमी ओट्यावर बसले होते. मी जाऊन राहिली होती त्याच्या ताण्याले हात लावाले. तुमी मले म्हनलं, पाय बाहेर टाकला त तुहंबी पानी बंद करीन. तो नत्थूजी."

भैयाजींचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्याच्यामागचं काहीतरी निघून गेलं.

"खडकावर मी तुमाले मुद्दाम बसवलं होतं," चंद्रभान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भरतीचं मले माहीत नव्हतं. माहीत झालं, तरी मी चहा पुरा पेलो, मंग आलो. हे याह्यले सांगा, देवमानूस म्हनून सांगू नका."

"मंग काढलं काहून मले?" भैयाजींनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"माह्या बापाचं नाव तुमाले आठवत नव्हतं म्हनून."

भैयाजींनी पायरीवर बसकण मारली. त्यांचे ओठ हलत होते. "नत्थूजी," ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "नत्थूजी. त्यानं माह्या ओट्यापुढं लय येळ हाका मारल्या होत्या."

चंद्रभान ते तोंड नीट पाहून घेत उभा राहिला. चंपतरावांनी हातातला पेला, तोंड न लावता, खाली ठेवला. त्यांच्या माणसांनीही मग एकेक करून आपापले पेले ठेवले.