कुणी आहे का लाइनवर?

“थांब, लगेच काढू नकोस. आधी विचार,” बाबा म्हणाले.

“कुणाला विचारू, बाबा? कॉम्प्युटरला?”

“ज्याला काढतेयस त्याला.”

मी माऊसवरचं बोट उचललं. स्क्रीनवर फिकट अक्षरांत आमचा जुना प्रिंटर दिसत होता. प्रत्यक्षात तो भंगारात जाऊन वर्षं लोटली होती, पण कॉम्प्युटरच्या लेखी अजून घरातच होता.

बाबांची उभी हयात टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेली. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसायचं, बारीक तारा रंगांवरून ओळखायच्या आणि जोडीला जोडी मिळवायची, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा एक नेम होता. कागदोपत्री लाइन बंद असली, तरी ती तोडण्याआधी ते तपासणीचा फोन तारेला लावून विचारायचे, “कुणी आहे का लाइनवर?” उत्तर आलं नाही तरच पक्कड चालवायचे. सोबतचे हसायचे. एकदा मात्र खरंच एका म्हातारीचा आवाज आला होता, “आहे की रे बाबा, मी कुठं जाते?” ही गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकली आहे, की ती म्हातारी आता आम्हाला नात्यातलीच वाटते.

तर त्या दिवशी सकाळपासून आईचं भरतकामाचं मशीन अडून बसलं होतं. एका क्लबच्या बिल्ल्यांची ऑर्डर होती आणि संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. बिल्ल्याचं डिझाइन कॉम्प्युटरमधून केबलने मशीनमध्ये जातं, ते काही केल्या जाईना. आई म्हणाली, “मेकॅनिकला बोलवू या. तोच येऊन लावून देईल, आणि नंतरही अधूनमधून बघून जाईल.” बाबा नुसता चष्मा पुसत बसले.

मशीन आईचं, गिऱ्हाइकं आईची, नावही आईचंच. निवृत्तीनंतर बाबांकडे एवढंच एक खातं उरलं होतं. विजेचा भरवसा नाही म्हणून रोज काम संपलं की ती केबल काढायची आणि सकाळी कॉम्प्युटरच्या मागे वाकून पुन्हा लावायची. तेही गेलं तर बाबा दिवसभर करणार काय, हा प्रश्न मला अडलेल्या मशीनपेक्षा मोठा वाटला. मी पेशाने नर्स, सुट्टीला माहेरी आलेली. कॉम्प्युटरचं ज्ञान बेताचंच. तरी म्हटलं, “मेकॅनिक कशाला? बाबा आणि मी करतो,” आणि मेकॅनिकला फोन लावून सगळं विचारून घेतलं.

त्याने सांगितलं ते असं. कॉम्प्युटरला जे जे म्हणून कधी जोडलं, ते काढून टाकलं तरी त्याची नोंद तो ठेवतो. केबल वेगळ्या भोकात गेली की त्याला वाटतं नवा पाहुणा आला, आणि तो तिला नवा नंबर देतो. आमच्या मशीनच्या जुन्या प्रोग्रॅमला आठपर्यंतचेच नंबर समजतात आणि केबल गेली होती नऊ नंबरावर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जायचं, लपलेली उपकरणं दाखव म्हणायचं, फिकट दिसतील ती काढायची आणि केबल नव्याने लावायची.

“प्रिंटर,” मी वाचलं.

“गेला तो. काढ.”

“कॅमेरा.”

“ताईचा. ती परदेशी गेली तेव्हा आणलेला. तुझी आई त्याच्यासमोर साडी बदलून बसायची.”

“एकदाच बसले होते!” आतल्या खोलीतून आई म्हणाली.

“काढ. आता फोनवर बोलतात माणसं.”

मग मोडेम आला. बाबा खुर्ची पुढे ओढून स्क्रीनजवळ गेले. “हा फार कष्टाळू होता गं. आधी रडायचा, ओरडायचा, मग मुकाट कामाला लागायचा. तुझ्यासारखाच.” नोंद जाईपर्यंत ते तिकडेच बघत राहिले.

त्याच्या खाली केबल होती. तिच्या खाली पुन्हा केबल. मी सरकत गेले. तीच केबल, तेच नाव, फक्त नंबर वेगळा, अशी ओळच लागली होती.

“आपल्याकडे केबल तर एकच आहे,” मी म्हणाले.

“एकच.” बाबा थांबले. मग हळू म्हणाले, “म्हणजे कुणीतरी कधी या भोकात, कधी त्या भोकात लावतंय.”

सकाळी मी त्यांना केबल लावताना पाहिलं होतं. वाकून कितीतरी वेळ त्यांचा हात कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर फिरत होता. मला वाटलं होतं, धूळ झटकतायत. इतकी वर्षं रुग्णांचे चेहरे वाचणारी मी, घरच्या माणसाचे डोळे मला दिसले नव्हते.

“मीच लावली असणार,” आई दारात येऊन उभी राहिली. “तुम्ही बाहेर गेलात की मी लावते कधीकधी. बसेल त्या भोकात घालते झालं.”

माझी आई टॉर्चचे सेल बदलायलासुद्धा बाबांना हाक मारते. मी काही बोलणार तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी शाळेत असल्यापासून गप्प बसत आले आहे.

“तरीच!” बाबांचा आवाज चढला. “किती वेळा सांगितलंय, माझ्या केबलला हात लावत जाऊ नकोस म्हणून?”

“चुकलं बाई माझं.”

बाबा बराच वेळ कुरकुरत होते. त्यांना तसं कुरकुरताना बघून जिवात जीव आला.

फिकट नोंदी एकेक करून गेल्या. केबल मी लावली आणि मशीनचा हिरवा दिवा लागला. चहा टाकायच्या निमित्ताने मी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

“डॉक्टरांना दाखवलंय,” मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. “औषध चालू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेली जपायची. त्यांना त्याचं बोलणं नको असतं, म्हणून मी विषय काढत नाही. तूही काढू नकोस.”

“पण तू शिव्या कशाला खायच्या?”

“खाल्ल्या तर काय बिघडलं? माझ्याच माणसाच्या आहेत.” तिने आधणात साखर टाकली.

चहा झाल्यावर आई मशीनवर बसली. पहिला बिल्ला बघायला मी जवळ गेले, तर तिने कापडाचा भलताच तुकडा लावला होता. सुई एकाच जागी फिरत राहिली आणि जाड लाल दोऱ्याचा टपोरा ठिपका तयार झाला, मसुरीच्या दाण्याएवढा. आईने तो कातरला, मागे गोंद लावला आणि कॉम्प्युटरच्या मागे, केबलच्या भोकाशेजारी चिकटवला.

“हे काय आता?” बाबांनी विचारलं.

“मला कळत नाही ना कुठलं भोक ते. म्हणून खूण.”

बाबांनी वाकून ठिपक्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “विसरतेस तू हल्ली.”

संध्याकाळी बिल्ले वेळेत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. आई मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. बाबा केबल घेऊन कॉम्प्युटरच्या मागे वाकले. त्यांचं बोट डब्याच्या पाठीवरून सरकलं आणि ठिपक्यावर येऊन थांबलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि डोळे चक्क मिटून घेतले होते.

“कुणी आहे का लाइनवर?” त्यांनी विचारलं.

आईने दोऱ्यावरची नजर काढली नाही.

“आहे हो,” ती म्हणाली. “लावा.”