चिमट्यावरची हरकत

देवगाव फाट्यावर राजेश्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. नवरा गेल्यावर तिनं मशीन स्वतः हातात घेतलं आणि जुन्या टेम्पोच्या कमानपाट्यांतून पऱ्हाटी उपटायचा चिमटा बनवला. कापूस वेचून झाल्यावर उभी पऱ्हाटी उपटताना बायांच्या हातांची सालटी निघायची. हा दातेरी जबडा खोडाला लावून दांडा दाबला की झाड मुळासकट वर. वालूरपासून सेलूपर्यंत तिचे चिमटे गेले होते आणि तिचं घर त्यावरच चालायचं.

आणि आता एक कंपनी म्हणत होती, हा आमचा शोध!

कंपनीचा माणूस दुकानात येऊन सांगून गेला, "पेटंटसाठी अर्ज केलाय. मंजूर झाला की तुम्हाला हे बनवता येणार नाही, ताई."

वर ताई! राजेश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर तो चोर, वर शिरजोर. दुकानाचं शटर ओढून ती तडक सेलूला गेली. शाळेत तिच्या बाकावर बसणारी धम्मशीला तिथं वकिली करते.

"नुसता अर्जच हाय ना? पेटंट न्हाई मिळालं अजून," धम्मशीला म्हणाली. "असा अर्ज जाहीर करावा लागतो. मंजूर व्हायच्या आत कुणीबी लेखी हरकत घेऊ शकतं. फक्त पुरावा द्यायचा, की त्यांच्या अर्जाच्या आधीपासून ही वस्तू लोकांच्या वापरात हाय."

"अख्खा तालुका वापरायलाय की!"

"मंग घेऊन ये तालुक्याला."

शेतकऱ्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली, हरकत दाखल झाली. मग कंपनीचं उत्तर आलं आणि राजेश्रीच्या पायाखालची जमीन सरकली. गावकरी गावच्या बाईचीच बाजू घेणार, असं त्यात होतं. सोबत एक फोटो. फाट्यावरचा मांडव, कंपनीचे साहेब फेटा बांधून, हातात चिमटा. मागे फ्लेक्स: ‘पऱ्हाटी चिमट्याचे थोर संशोधक यांचा भव्य सत्कार’. आणि साहेबांच्या गळ्यात हार घालणारी बाई खुद्द राजेश्री!

हे साहेब पूर्वी एकदा राजेश्रीचं काम बघायला म्हणून आले होते. दुकानात बसून चहा प्याले, मापं घेतली, फोटो काढले. आणि आपल्याकडे मोटारीतून कुणी उतरलं की सरपंच बन्सीधर शाल-नारळ घेऊन तयारच. सत्काराला काही कारण हवं, म्हणून त्यांनीच ‘थोर संशोधक’ छापून टाकलं. वाचलं सगळ्यांनी, बोललं कुणीच नाही.

"सरपंच, तुमच्या फ्लेक्सनं माझं घर बुडवलं," राजेश्री त्यांच्या ओसरीवर कडाडली.

"मला काय ठावं, बाई? पाव्हण्याला बरं वाटंल म्हणून लिहिलं," बन्सीधर पुटपुटले.

धम्मशीला मात्र फोटो बघून हसायलाच लागली. "फ्लेक्सवरची तारीख बघ गं. अर्जाच्या वर्षभर आधीची. तवाच भर चौकात, समद्यांसमोर चिमटा दाखवला, तर अर्जाच्या दिवशी तो नवा कुठं राहिला? संशोधक कुणीबी असू दे. कंपनीनं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय."

पेटंट कार्यालयाची सुनावणी कॉम्प्युटरवर झाली. धम्मशीलानं फ्लेक्सवरची तारीख दाखवली. पुढं अर्ज नामंजूर झाला तो त्या तारखेवरच. पण फाट्यावर लोक सांगतात ते राजेश्रीचं उत्तर.

"चिमटा तुमचा, तर फलकावर यांना संशोधक का म्हटलंत?" अधिकाऱ्यांनी तिला विचारलं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात साहेब बसले होते. राजेश्रीनं थेट त्यांच्याकडं बघितलं.

"ह्यांनी बघायला मागितला, मी हातात दिला. पाव्हणा म्हणून गावानं फेटा बांधला, लय मोठं म्हणलं. घरी आलेल्याला आमी असाच मान देतो. म्हणून काय त्यानं घरच नावावर करून घ्यायचं?"