फोन करून सोडलेलं क्षेपणास्त्र

या, असे पुढे सरका. मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते, आणि अर्धी गोष्ट म्हणजे अर्धा डोस, घेतल्याचं समाधान तेवढं. आज एका ढालीची गोष्ट सांगतो. हातात धरायची ढाल नव्हे, आभाळाएवढी. पण कान ढालीकडे असले तरी मन एका बाईच्या डोळ्यांकडे असू द्या, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

तर एक होती धाकटी. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी घरीदारी धाकटीच. शिक्षणाने इंजिनिअर. शत्रूचं क्षेपणास्त्र येताना दिसलं की आपलं सोडायचं आणि त्याला वरच्या वर गाठायचं, हे तिचं काम. तिचे वडील देशाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पोटात अणुबॉम्ब सांभाळत. दारं, कुलपं, आतली ओल, सगळं त्यांच्या नजरेखाली. म्हणून लोक त्यांना कुलूपकाका म्हणत. घरी यायचे ते पाहुण्यासारखे, बॅग न उघडताच परत जायचे.

आईची नजर मात्र उतरत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले. आईचं मागणं एवढंच, "दिसतंय तोवर हा माणूस डोळ्यांपुढे असू दे. मग देवाने दिवा मालवला तरी तक्रार नाही."

काकांचं निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं. पण विषय काढला की म्हणत, "हे कुणाच्या भरवशावर टाकून येऊ? तुझी ढाल होऊ दे पोरी. बॉम्बला काही अर्थच उरला नाही, की शेवटचं कुलूप घातलं आणि आलोच."

झालं! धाकटीने स्वतःला कामात गाडून घेतलं. बाकीचे जग वाचवायला झटत होते, ही बापाला घरी आणायला. त्या ओघात जग वाचलंच, तर तिची काही हरकत नव्हती.

चाचणीसाठी खोटं क्षेपणास्त्र लांबच्या बेटावरून सुटायचं. ते सोडायचं काम मामांकडे. हे कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे. मोठे रीतीचे माणूस. सोडायच्या आधी न चुकता फोन.

"धाकटे, सोडतोय गं. जेवलीस का?"

"जेवले मामा. सोडा."

की इकडे चहाचे कप खाली, रडारचं तोंड बेटाकडे, आणि धडाम! दरवेळी नेम अचूक. त्या फोनचं कुणाला काही वाटलंच नाही. इतका चांगला रिवाज, त्यात खोट कोण काढणार?

मग मोठा दिवस आला. साहेब आले, साहेबांचे साहेब आले. बॉम्बवाल्यांच्या वतीने कुलूपकाकांना बोलावणं होतं. बंदोबस्त असा कडक, की इकडे आणि बेटावरही सगळ्यांचे मोबाईल फाटकावरच काढून घेतले. बेटावर मामांनी पहारेकऱ्याच्या विनवण्या केल्या. शेवटी वेळ झाली, तेव्हा देवाचं नाव घेतलं आणि सोडलं.

इकडे धाकटी निरोपाची वाट बघतेय. तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी सूंऽऽ करत गेलं आणि समुद्रात पडलं. मागच्या रांगेत एकाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, आपलंच.

साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"मामांचा फोन नाही आला, साहेब."

"आणि शत्रू काय फोन करून येणार आहे?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "त्याच्याकडे आपला नंबर नसेल."

निर्णय लागलीच झाला. ढाल कच्ची आहे, तेव्हा बॉम्ब हवेतच. काकांना मुदतवाढ.

धाकटी पुन्हा भिडली. फोन बंद केला. मामा कळवळले, "न सांगता सोडायचं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं गं!" पण शिकले बिचारे. हीसुद्धा शिकली. पुढच्या मोठ्या दिवशी एकामागून एक क्षेपणास्त्रं आली, न सांगता, न सवरता, आणि सगळीच्या सगळी वरच्या वर फुटली. लोक उभे राहिले. धाकटी धावतच साहेबांपाशी गेली.

"साहेब, आता बॉम्ब निकामी झाले ना?"

"अहो बाई, आपली ढाल बघून समोरचे काय हरिनाम घेत बसणार? ते दुप्पट बॉम्ब करतील. सगळे एकदम सोडतील, म्हणजे एखादा तरी निसटेल. मग आपल्याला दुप्पट नकोत?" मग शेजारी उभ्या काकांच्या पाठीवर थाप मारून, "काका, दुसरा डोंगर पोखरायला घेतोय. तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

म्हणजे ढाल फसली म्हणून बॉम्ब हवेत, आणि ढाल जमली म्हणून जास्त हवेत. धाकटीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

बाहेरच्या जिन्यावर बापलेक बसले. काका म्हणाले, "पोरी, खरं सांग. मी घरी गेलो, तर पुरेल तुझी ढाल?"

एक 'हो' म्हटलं असतं तर बाप घरी येत होता. आईचा चेहरा तिच्यासमोर उभा राहिला. पण ज्या बापाने खोटं बोलू नये म्हणून लहानपणी कान पिळला, त्याच्याशीच खोटं कसं बोलायचं?

"नाही पुरणार, बाबा. एखादा निसटणारच. पण तो निसटला, तर तुमचं कुलूपही पुरणार नाही. जगाला मी पुरणार नाही आणि तुम्हीही नाही. आईला मात्र तुम्ही एकटे पुरता."

काकांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि रागावल्यासारखं म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस? उगाच इतकी क्षेपणास्त्रं फोडलीस!"

ते घरी आले तेव्हा आईला माणसाचा आकार तेवढा दिसत होता. तिने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गाल बसलेत हो. पण आलात. आता बॅग उघडा."

तर मंडळी, काका सुटले. डोंगर मात्र रिकामा राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी नवा माणूस बसला. त्यालाही घर असेल, घरी वाट बघणारं कुणी असेल. त्याचं नाव मला ठाऊक नाही. आज निजण्यापूर्वी देवापुढे हात जोडाल, तेव्हा एवढं करा. त्या बिननावाच्या माणसाची आठवण ठेवा.