नीलमचा नियम

नीलमला जाऊन वर्ष झालं होतं. कांजूरमार्गच्या ऑफिसात तिच्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसत होतं, पण तिचा एक नियम अजून चालू होता.

रुग्णालयांसाठी औषधाची मात्रा ठरवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. कोणीही कोड लिहिला की तो आधी एका तपासणी टूलमधून जायचा. टूल बाहेरून घेतलेलं. त्याला इथलं काम काय ठाऊक? म्हणून नीलमनं त्याला शिकवलं होतं : कोडमध्ये वजन आलं आणि ते किलोत की ग्रॅममध्ये हे लिहिलेलं नसलं, तर अडवायचं. नवजात बाळांच्या वॉर्डात वजन ग्रॅममध्ये घेतात, बाकी सगळीकडे किलोत. गफलत झाली तर औषध हजारपट जाईल. अडवलं की पडद्यावर तिचेच शब्द उमटायचे : ‘किलो की ग्रॅम? आधी सांग, मग पुढे जा.’

ते वाचलं की त्याच टीममधल्या धम्मपालला बायकोचा आवाज ऐकू यायचा. मुलुंडच्या घरीही ती असंच बोलायची.

टीमचा प्रमुख सर्वेश एकदा म्हणाला होता, “यार, हा नियम खूप अडवतो. बघू या का?” धम्मपालनं “राहू दे” एवढंच म्हटलं. पुन्हा कोणी विषय काढला नाही.

गुरुवारी दुपारी श्रुतिका त्याच्या टेबलापाशी आली. चार महिन्यांपूर्वी लागलेली, एरवी फटकळ पोरगी. आज तिचा चेहरा उतरला होता.

“दादा, एक दाखवायचंय. मग काय ओरडायचं ते ओरडा.”

“दाखव.”

तिनं यादी उघडली. ओळीच्या वर सूट असल्याची खूण लिहिली की टूल ती ओळ तपासत नाही. अशा तीनशे चाळीस खुणा होत्या. सगळ्या नीलमच्या नियमाला चुकवण्यासाठी.

“हे कोणी केलं?”

“सगळ्यांनी. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, अडवलं की ही खूण चिकटव, पण दादांना बोलू नकोस. तो नियम औषधांच्या खोक्याच्या वजनालाही अडवतो, ट्रॉलीच्याही.” ती थांबली. मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. “ही माझी. बाळांच्या वॉर्डातली. सवयीनं चिकटवली. ग्रॅम येतात आणि मी किलो धरलेत.”

हे सॉफ्टवेअर उद्या रुग्णालयात जाणार होतं.

धम्मपाल उठून सर्वेशकडे गेला. “तुला माहीत होतं?”

“तिचा तो शेरा आला की तू पडद्याकडे बघत बसायचास रे,” सर्वेश मान खाली घालून म्हणाला. “तो काढ, हे तुला कुठल्या तोंडानं सांगणार?”

“माझ्यासाठी केलंत?”



धम्मपाल जागेवर आला. नीलम असती तर म्हणाली असती, नियम आहे तो, फोटोसारखा हार घालून काय ठेवलायस?

त्यानं तिनं लिहिलेला नियम उघडला. वर्षभरात पहिल्यांदाच. तिच्या ओळी एकेक करून खोडल्या, नव्या लिहिल्या. नियम आता फक्त औषधाच्या मात्रेत जाणारं वजन तपासणार होता. खोकी, ट्रॉल्या मोकळ्या. पण या नियमाला सूट घेण्याची सोय त्यानं बंद केली. शेऱ्याचे शब्द तेवढे तसेच ठेवले.

मग सगळ्या खुणा काढून पूर्ण कोड तपासला. चारच ठिकाणं राहिली. चारही खऱ्या चुका.

“तुझी तूच दुरुस्त कर,” तो श्रुतिकाला म्हणाला. बाकीच्या तीन सर्वेशनं स्वतःकडे घेतल्या.

“उद्या पाठवायचं?” सर्वेशनं विचारलं.

“नाही. रुग्णालयाला फोन कर, सोमवारी देतो म्हण. आणि का ते खरं सांग.”

संध्याकाळी धम्मपालनं पुन्हा तपासणी लावली. पडद्यावरची पट्टी हळूहळू शेवटापर्यंत गेली. कुठेच काही अडलं नाही. नीलमचे शब्द आले नाहीत.



“बरोबर झालं ना, दादा?” श्रुतिकानं विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “बरोबर झालं की ती बोलत नाही.”