चिमाबाईचं रफू

खोडदच्या देवळाच्या मंडपात दर बुधवारी बायका फाटके कपडे घेऊन जमायच्या. ओढ्याकाठी टाकून दिलेल्या कपड्यांचा ढीग कुणीतरी पेटवायचं आणि गाव दिवसभर खोकायचं, म्हणून चिमाबाईनंच हे सुरू केलं होतं. दोन मशिनी, एक कोळशाची इस्त्री आणि गावभरचं फाटकंतुटकं. चिमाबाईनं रफू केलं की फाटलं कुठं होतं ते कुणाला सापडायचं नाही. म्हातारीला त्याचा भारी तोरा.

सुनेचे, श्रेयाचे, ब्लाउज मात्र ती मंडपात आणायची नाही. ते घरी, दार लावून शिवायची. बाही खांद्यापासून उसवलेली, गळा ओढून फाडलेला. फाडणारा तिचाच मुलगा, सुदर्शन. रंगाला रंग जुळवून ती असं शिवायची की चारचौघींत कुणाला शंका येऊ नये. आपण घराची अब्रू राखतोय असं तिला वाटायचं. कसली अब्रू आणि कसलं काय.

त्या बुधवारी सुदर्शन मंडपात शिरला. वाढायला बायको घरी नव्हती, एवढंच निमित्त.

"गोधडीला एवढी टीप मारते, आलेच," श्रेया म्हणाली.

त्यानं तिचे केस धरून तोंड मशिनीच्या फळीवर आपटलं. एकदा, दोनदा. नाक फुटलं, गोधडी रक्तानं भिजली. ती उठायला गेली तशी त्यानं गळ्याशी धरून ओढली, हिरवा ब्लाउज टर्रकन फाटला. बायका भिंतीला चिकटल्या. चिमाबाईचा हात सवयीनं डब्यात गेला, हिरवा दोरा शोधायला. स्वतःच्याच हाताची तिला शिसारी आली.

त्यानं तिसऱ्यांदा श्रेयाचं डोकं उचललं, तेव्हा चिमाबाईनं तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. निखारे सांडले, कातडी जळाली, आणि तो गुरासारखा ओरडत खाली बसला. मग कुठं बायका धावल्या आणि त्याला दाबून धरला.

नारायणगावहून हवालदार आले. "याच्या आधी मारलं व्हतं का? कुणी बघितलंय?"

कुणीच काही बघितलं नव्हतं.

"कधी हात लावला न्हाई, साहेब," सुदर्शन कण्हत म्हणाला. "आजच डोकं फिरलं. आईला इचारा."

चिमाबाई घरी गेली आणि श्रेयाच्या पेटीतले ब्लाउज घेऊन आली. हवालदारांनी एकेक उलगडून पाहिला.

"आजी, हे तर धड हायेत."

"धडच दिसणार. मी शिवल्यात." तिनं एकेक ब्लाउज उलटा केला. आतून टाकेच टाके. "ह्यो पोळ्याचा. ह्यो संक्रातीचा." पुढचा तिनं हवालदारांच्या हातात दिला. "ह्यो तिला दिवस गेले व्हते तवाचा. ते मूल राहिलं न्हाई. मी रात्रीतून शिवला, अन् ती पडली म्हून गावाला सांगितलं."

श्रेया नाकाला पदर लावून बघत राहिली.

"लिवा, साहेब," चिमाबाई म्हणाली. "त्याच्या नावाखाली माझंबी नाव लिवा."