टाकीच्या कपाळाला कुंकू

कस्तुराबाईंच्या हातांना एकच काम ठाऊक होतं, चमक आणायचं. पितळेचा तांब्या चिंचेनं, पातेलं राखेनं, देव लिंबाच्या सालीनं. चिकोडीकडच्या त्यांच्या गावात बायका म्हणायच्या, कस्तुरीनं घासलेल्या ताटात बघून कुंकू लावावं, आरसा कशाला हवा. आणि त्यांचा शिकलासवरलेला लेक बेंगळुरूत बसून लोकांच्या मोटारसायकलींची चमक काढत होता.

"मुद्दाम काढून घेतात?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली होती.

"मुद्दाम. चकचकीत असलं की चालवताना ऊन डोळ्यांत जातं. आणि सध्या मॅटच आवडतं सगळ्यांना."

"मॅट म्हणजे रे कसं?"

अजिंक्यनं जरा विचार केला. "पाटी ओल्या हातानं पुसली आणि वाळली की कशी दिसते? तसं."

उन्हाळ्यात व्हाइटफील्डच्या कंपनीनं त्याला घरी बसवलं होतं. लॅपटॉपसुद्धा परत मागून घेतला. तेव्हापासून एचएसआर लेआउटमधल्या त्या भाड्याच्या घराची बाल्कनी हेच त्याचं ऑफिस. तिथं बादलीत पाणी, पाण्यात भिजत घातलेले बारीक, खरखरीत वॉटर पेपर, स्प्रेचे डबे, आणि जुन्या चादरीवर मांडलेले कार्बन फायबरचे भाग: मडगार्ड, बाजूची पॅनेलं, टाकीवरचं कव्हर. काळ्या धाग्यांची चटईसारखी वीण आणि वर काचेसारखा थर. तो थर ओल्या पेपरानं अलगद घासायचा, चमक मेली की मॅटचा हात मारायचा. घासायचं मात्र थरापुरतंच. विणीला पेपर लागला की धागा तुटला, आणि तुटलेला धागा कुणाच्या बापाला जोडता येत नाही.

गावाकडून फोन आला की कस्तुराबाई म्हणायच्या, "कंपनीतच हाय की. घरनंच काम असतंय आता." बाल्कनीतला हात त्या वेळी थांबायचा, आणि मग पुन्हा फिरू लागायचा. गोल, गोल, एकाच लयीत. ती घरघर कानी पडली की कस्तुराबाईंच्या ओठांवर नकळत ओवी यायची. जातं नव्हतं, दळण नव्हतं, पण हात जात्यावरचाच होता.

*माझ्या ग दारावरी, कशाचा घरघराट*
*बाळराज घासतो, काळ्या विजेचं ताट*

दसऱ्याच्या तोंडावर विनोदकुमार नावाच्या एका गिऱ्हाइकाचं काम आलं. त्याच्या गाडीचा सगळा संच मॅट करायचा होता. दसऱ्याला पहाटे त्याचा वीस-पंचवीस गाड्यांचा ताफा नंदी हिल्सकडं निघणार होता. प्रत्येक गाडीवर असलेच भाग, प्रत्येकाला असलंच काम हवं होतं.

"त्यांनी हे बघितलं की झालं," अजिंक्य जेवता जेवता म्हणाला. "हे जमलं तर आई, मी हेच करीन. नाही जमलं तर..."

पुढचं त्यानं भाताबरोबर गिळलं.

खंडेनवमीच्या सकाळी गल्लीतल्या रिक्षांना केळीचे खुंट बांधले गेले. वॉचमननं पाण्याच्या पंपालाही झेंडूची माळ घातली. अजिंक्य भाग गुंडाळायला बुडबुड्यांचं प्लॅस्टिक आणायला खाली उतरला. जाताना म्हणाला, "आई, मॅटचा थर अजून कच्चा आहे. हात लावू नकोस."

"न्हाई लावत बाबा."

कस्तुराबाईंनी पाट मांडला. दरवर्षी त्या पाटावर लेकाचा लॅपटॉप असायचा. त्याला कुंकवाचं बोट लावताना तो ओरडायचा, 'आई, कीबोर्डवर नको!' यंदा पाटावर विळी होती, कात्री होती, आणि मधे ओकीबोकी जागा. त्या जागेकडं त्या बघत राहिल्या. ज्यानं घर चालतं, ते आज पुजायचं. मग आपल्या घरात ते काय आहे?

त्या उठल्या. बाल्कनीतले वॉटर पेपर, स्प्रेचे डबे, एकेक करून आणून पाटावर ठेवले. प्रत्येकाजवळ एक लिंबू. मग दोन्ही हातांनी, बाळंतिणीनं मूल उचलावं तसं, टाकीचं कव्हर उचललं. चमक गेलेलं ते काळेपण पहिल्यांदाच त्यांना देखणं वाटलं, आषाढातल्या रात्रीसारखं. लेकानं हात लावू नकोस म्हटलं होतं, पण पूजेचा हात म्हणजे हात थोडाच? कव्हराच्या मधोमध जो उंचवटा असतो, तेच त्याचं कपाळ, तिथं त्यांनी ओली हळद लावली, कुंकू लावलं, तीन बोटं ओढली. आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या लेकाचं हत्यार हाय हे. सांभाळ ग बाई."

इतक्या महिन्यांत त्या हे पहिल्यांदा म्हणत होत्या. ऐकायला तो घरात नव्हता.

शेजारच्या धनलक्ष्मी प्रसादाचे चुरमुरे घेऊन आल्या. त्यांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूतलं, मराठीत कन्नड मुरलेलं.

"अय्यो अक्का, ह्याला हळद लावली? पिवळं राहतंय की हे!"

कस्तुराबाईंनी पदरानं पुसून पाहिलं. कुंकू निघालं. हळदीची तीन बोटं तशीच.

"स्वल्प खोबरेल लावा. माझ्या फ्रिजवरचं तसंच गेलं, सरी का?"

त्यांनी खोबरेल लावलं. घासलं. हळद फिकी झाली, पण तिच्या जागी काहीतरी उजळू लागलं. ते जावं म्हणून आणखी घासलं. जन्मभराचा हात होता तो. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. बघता बघता त्या काळ्या रात्रीत ताटाएवढा चंद्र उगवला, लख्ख, तुळतुळीत. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं.

अजिंक्य आला तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यानं पाट पाहिला. पेपर पाहिले, डबे पाहिले, लिंबं पाहिली. मग कव्हर.

"घासू नको म्हणून मी सांगितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "हात लावू नको एवढंच सांगितलं."

"रागं भर की रे मला."

"कसा भरू?" पाटावरच्या वॉटर पेपरांना लागलेलं कुंकू तो बघत होता. "लॅपटॉपच्या जागी ठेवलंस तू हे."

धनलक्ष्मी कधी निघून गेल्या ते कुणालाच कळलं नाही.

उपाय एकच होता. ती जागा पुन्हा ओल्या पेपरानं घासायची, पुन्हा मॅटचा हात मारायचा. संध्याकाळपर्यंत जमलं असतं. पण पेपर पाटावर होता. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही. कस्तुराबाईंच्या माहेरी, सासरी, कुणी कधी उचललं नव्हतं. अजिंक्यनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

कस्तुराबाई वाकल्या. त्यांनीच पेपरावरचं लिंबू बाजूला केलं आणि पेपर त्याच्या हातात दिला. "घे. देवी एवढ्यापुरते डोळे मिटंल."

तो बाल्कनीत बसला. पाणी शिंपडून त्यानं हात फिरवला. गोल, गोल. कस्तुराबाई दारात उभ्या. चंद्र मंद झाला, मावळला. अजिंक्यचा खांदा सैल पडला. आणि तेवढ्यात पेपराखालून करकर आली, कोरड्या गवतावरून पाय ओढावा तशी. पेपराखालून ओघळणारं पाणी काळं झालं.

त्यानं हात उचलला. उंचवट्यावर वीण उघडी पडली होती. करड्या धाग्यांची टोकं, केसांसारखी उभी.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं रे?"

"फाटलं."

कस्तुराबाई मटकन खाली बसल्या. "हत्यार उचललं आपण. म्हणून."

"तसं नाही आई. ही जागा सगळ्यात उंच. पेपर तिथंच जास्त लागतो. पहिल्या वेळीच मी जास्त घासलं होतं, थर पातळ झाला होता. माहीत होतं मला. वरनं मॅट मारून झाकलं होतं."

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"खरं सांगतोय ग!"

"उचलून मीच दिलं. ह्या हातानं."

तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि त्या मान हलवत राहिल्या. आईच्या हातातला तो दोष त्याला काही केल्या काढून घेता येईना. जगात तेवढीच एक गोष्ट त्या क्षणी त्याला हवी होती.

उन्हं कलली तेव्हा विनोदकुमार भाग न्यायला आला. उंच, अदबशीर. कस्तुराबाई कन्नडात म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं, अण्णा. मी हळद लावली." अजिंक्य म्हणाला, "माझ्यामुळं. मी जास्त घासलं." विनोदकुमारनं दोघांकडं पाहिलं, मग कव्हरावरून अंगठा फिरवला. एक धागा अंगठ्याला अडकला. त्यानं तो सावकाश सोडवला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"परवागिल्ल," तो म्हणाला, असू दे. "बाकीचे नेतो मी. हे राहू दे इथंच. उद्या जुनं लावीन." कस्तुराबाईंनी चुरमुरे दिले, ते त्यानं दोन्ही हातांनी घेतले, डोळ्यांना लावले.

अजिंक्यनं दारात विचारलं, "आणि तुमचे बाकीचे मित्र?"

"बघूया," विनोदकुमार म्हणाला. लिफ्ट येताना तो आकड्यांकडंच बघत होता.

खाली चौकात कुणीतरी गाडीची दृष्ट काढून कोहळा आपटला. फुटल्याचा भदकन आवाज आला, पोरं ओरडली, मग सगळं शांत. अजिंक्य बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसून होता, हाताची काळी धूळ न धुता. कस्तुराबाईंच्या ओठांवर सवयीनं ओवीची पहिली ओळ आली, *माझ्या ग दारावरी*, आणि तिथंच विरली.

त्यांनी पेपर पुसून पाटावर परत ठेवला, त्याच्याजवळ लिंबू ठेवलं. कव्हरही उचलून मधे ठेवलं. दसऱ्याआधी पाट रिकामा ठेवायचा नसतो. फाटल्या कपाळाशी त्यांचं कुंकवाचं बोट गेलं, आणि थबकलं.

"लाव," अजिंक्य म्हणाला. "आता काय व्हायचं राहिलंय त्याचं."

निरांजनाची ज्योत हलत होती. बोट तसंच राहिलं, ना पुढं, ना मागं.