वाटोळ्याची प्रार्थना

क्षमा करा म्हणे! या एका शब्दावरून फिरूजेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

इराणात मुसलमानानं ख्रिस्ती झालेलं चालत नाही, म्हणून शिराझला तिच्या घरी पडदे ओढून पाच-सहा जण ख्रिस्ताची प्रार्थना करायचे. आख्खं धर्मपुस्तक एका घरात सापडलं तर सगळेच आत, म्हणून त्यांनी त्याची पानं सुटी करून वाटून घेतली होती. फिरूजेच्या वाट्याला गाऱ्हाण्याची स्तोत्रं आली. देवा, माझ्या वैऱ्याचं वाटोळं कर, असं ओरडून मागणारी. तांदळाच्या पोत्यात लपवून लपवून तिनं ती तोंडपाठ केली. बाकीच्या पानांत काय होतं, तिला ठाऊक नव्हतं. मग सख्ख्या दिरानं, खोस्रोनं, चहाडी केली. नवरा तुरुंगात गेला आणि ही कशीबशी ग्लासगोला पोचली.

निर्वासितांना आश्रय देणाऱ्या कचेरीतल्या पेंडल्टनसाहेबानं गोड हसून विचारलं, "दिराला क्षमा केलीत ना?"

"क्षमा? त्याला? रोज सकाळी देवाला सांगते, मेल्याचे हातपाय झडू देत!"

साहेबानं लिहिलं, खरा ख्रिस्ती माणूस असं बोलत नाही, बाईचा विश्वास बनावट आहे. अर्ज नामंजूर. आता परत इराणला, म्हणजे खोस्रोच्याच तावडीत.

"मोरागबाई, या माणसाला मी सोडणार नाही," ती वकीलबाईंना म्हणाली.

"कोर्टात निर्णयाला धरायचं असतं, माणसाला नाही. आणि हे बघा, जबाबात एवढंच घालू या, की आता तुमचा राग निवळलाय. काम सोपं होईल."

"खोटं लिहू? मग तो साहेबच खरा ठरला की!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, पण ती ओळ खोडली.

एडिनबर्गच्या कोर्टात फिरूजे पुढच्या बाकावर बसली, साहेबाचं उतरलेलं तोंड बघायला. साहेब आलाच नाही. सरकारी वकील तेवढा घसा खाकरत उभा होता.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हिची श्रद्धा खरी की खोटी, हे ठरवायला मी बसलेली नाही. पण हिच्या वाट्याला कोणती पानं आली, हे अधिकाऱ्यानं विचारलंच नाही. आपल्या मनातल्या एका सोज्वळ ख्रिस्ती बाईशी त्यानं हिला ताडून पाहिलं. निर्णय रद्द. दुसऱ्या अधिकाऱ्यानं नव्यानं तपासावं."

हद्दपारी तूर्त टळली. मोरागबाईंनी तिला मिठीच मारली.

"आणि त्याला शिक्षा काय?" फिरूजेनं विचारलं.

"शिक्षा नसते हो."

"माफी तरी मागेल?"

"तशी पद्धत नाही. शिवाय ते सुट्टीवर आहेत. स्पेनला."

स्पेनला! उन्हात पाय पसरून पडला असेल मेला! फिरूजेच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी चहा-केक होता. म्हातारे पाद्री भल्या मनानं म्हणाले, "मुली, आता त्या अधिकाऱ्यासाठीही प्रार्थना कर बरं." सगळ्यांनी माना खाली घातल्या.

फिरूजेनं डोळे मिटले.

"देवा, पेंडल्टनसाहेबाला उदंड आयुष्य दे. त्याच्या आईलाही दे. मग एक दिवस त्याला माझ्या खुर्चीत बसव. आईवर आपलं खरंच प्रेम आहे, हे त्याला एका परक्या माणसापुढे सिद्ध करायला लाव. तो रडून सांगेल, तेही त्या माणसाला पटू देऊ नकोस. आमेन."

पाद्री आमेन म्हणायचं विसरले. त्यांच्या वाटचंही फिरूजेनंच म्हटलं.